सात दिस पाय न टेकता

भुजंगमामाला मी पयल्यांदा बघितलं तवा त्यो चालत्या सायकलवर दाढी करून राहिला व्हता. डाव्या हातात फुटका आरसा, उजव्या हातात वस्तरा, हँडलवर हात न्हाईच. सायकल आपली गोल गोल फिरू लागलेली. दोन फेऱ्यांत एक गाल साफ. मिशीला पीळ द्यायला त्यानं आरसा पार नाकाला लावला, तरी चाक चुन्याच्या रेषेवरून बोटभर हाललं न्हाई.

मला कुणाचं कवतिक करायची सवय न्हाई. नववीत मास्तर म्हणले, "शिवगंगे, तुला येतं तरी काय?" म्या म्हणलं, "पंचर काढता येतं. तुमाला येतं का?" आन् दप्तर उचलून घरी आले ती परत गेलेच न्हाई. पर त्या दिशी बांबूला टेकून बघता बघता म्या मनात म्हणलं, ह्याला येतं.

खेळ असा व्हता. उमरीचा भुजंग सात दिस सायकल चालवणार. खाणं, पिणं, झोपणं समदं सायकलवरच. सोमवारी सांजच्या सहाला बसला की पुढच्या सोमवारी सांजच्या सहाला उतरणार. मदी एकदा जरी पाय भुईला टेकला तर खेळ खतम.

लातूर जिल्हा होऊन दुसरं वरीस चालू व्हतं. नव्या कचेऱ्या, नवे साहेब, नव्या पाट्या. गल्लीगल्लीला कमिट्या निघाल्या व्हत्या. आमच्या कमिटीचे अध्यक्ष हणमंतराव. त्यांनीच मामाला बोलावून घेतलं, एका मोकळ्या मैदानात चुन्यानं गोल आखला, भवती बांबू ठोकले आन् हातात भोंगा घेतला. दिसभर भोंग्यावर त्यांचं एकच, "जिल्हा नवा, विक्रम नवा! या, बघा, डोळे फाडून बघा!"

आमचं सायकलीचं दुकान मैदानाच्या तोंडाशीच. दुकान अप्पाचं, म्हंजे माझ्या बापाचं, मलप्पाचं. बारा सायकली किरायाच्या, बाकी दुरुस्ती. अप्पाला दम्याचा तरास, पंप मारला तरी धाप लागायची. म्हणून शाळा सुटल्यापासनं पंप, पाना, हातोडी समदं माझ्या हातात. पोरीच्या जातीला ह्ये शोभतं का, असं कुणी इचारलं की मी हातोडी हातात घेऊनच जबाब द्यायची. दुसऱ्यांदा कुणी इचारत नव्हतं.

मामाच्या सायकलची देखरेख हणमंतरावांनी आमच्याकडं दिली. पर अट लई कडक. गोलात शिरून कुणी सायकलला आधार द्यायचा न्हाई. काय करायचं ती संगं पळत पळत करायचं.

असल्या खेळात गोलावर रोज पाणी मारत्यात, धूळ बसावी म्हणून. नांदेडात दोन-दोन टायमाला मारायचे म्हणं. आमच्याकडं त्या साली पाऊस फिरकलाच नव्हता. टँकर चार दिसाला एकदा यायचा आन् आला की घागरीवर घागर आदळायची. धुळीवर कोण पाणी मारंल? मामाच्या मागं दिसभर धुळीची शेपूट. त्याच्या पापण्या पांढऱ्या, मिशी पांढरी, सायकल पांढरी.

दुसऱ्या दिशी आंघोळीचा खेळ व्हता. चालत्या सायकलवर डोक्यावर घागर वतून घ्यायची, लोक तेच बघायला येत्यात. हणमंतरावांनी कुठनं तरी दोन घागरी पैदा केल्या आन् भोंग्यावर आवाज दिला. बाया, लेकरं, म्हातारे, समदे गोळा झाले. मामाची बायको सिंधु, तिला समदे मावशीच म्हणायचे, घागर कमरंवर घेऊन पळाली. मामानं तिच्या हातातनं निस्ता एक तांब्या घेतला, डोळे धुतले, चूळ भरली आन् वरडला, "बाकीचं लेकरांच्या भांड्यात वता!"

हणमंतराव भोंगा बाजूला करून म्हणले, "अरे भुजंगा, लोक आंघोळ बघायला आलेत!"

"माझ्या अंगाला वास येऊन राहिला असंल तर लोकांनी लांबून बघावं की, साहेब!"

मैदान हासलं. लेकरं भांडी घेऊन पळाली. मला मात्र हासू आलं न्हाई. मी त्याच्या पाठीवरचा घाम आन् धुळीचा चिखल बघत व्हते. ज्याला खरंच आंघोळ पायजे व्हती त्यानं घागर परत केली व्हती.

त्या सांजच्याला मी चहा घेऊन त्याच्या बाजूनं पळत व्हते. कप त्यानं घेतला, बशी माझ्या हातात. म्या इचारलं, "मामा, ह्या आदी किती बार केलंय?"

"चार बार पुरं केलं. पाचव्याला नांदेडात मार खाल्ला. सहाव्या दिशी पाय टेकला."

"पडला?"

"पडलो कुठं? डुलकी आली आन् अंगठा भुईला लागला. एवढा." त्यानं करंगळीचं नख दावलं. "कुणाला दिसलं बी नव्हतं."

"मग?"

"मग काय. म्याच सांगितलं."

मी पळता पळता थांबलेच. त्यो एक फेरी मारून परत आला तवा म्या म्हणलं, "येडे हायसा का मामा? कुणी बघितलं नव्हतं तर कामून सांगितलं?"

"माझ्या अंगठ्याला मालूम व्हतं ना, पोरी." कप परत देत म्हणला, "तितल्या लोकांनी मग म्हणलं, ह्याचे आदीचे चारबी खोटे असतेल. उमरीत तोंड दावायची सोय ऱ्हायली न्हाई. चाळीशी आली आता. सिंधु म्हणती, ह्या टायमाला झालं तर झालं, न्हाईतर सायकल इकायची आन् वीटभट्टी धरायची."

मागनं सिंधुमावशीचा आवाज आला, "बोलण्यात दम घालवू नका! भाकरी खायची हाय आजून!"

बुधवारी सीट वरडायला लागली. करकर, करकर. पायडल मारलं की करकर. चार फेऱ्या ऐकलं तर डोकं उठायचं, त्याला तर दिसरात ऐकायचं. दुपारच्या टायमाला त्यो डोळे उघडे ठेवून झोपायचा, खरंच झोपायचा, म्या बघितलंय, पापणी लवायची न्हाई आन् पाय चालू. त्या झोपंतनं त्यो दचकून उठाय लागला. मला म्हणला, "गंगे, सीट लई रडू लागली बघ."

आता ज्याला मालूम न्हाई त्याला सांगते. सीटखाली लोखंडाचा दांडा असतो, त्यो फ्रेमच्या नळीत जातो. नळीच्या तोंडाला चीर असती आन् चिरंच्या दोन बाजूला दोन कान. कानातनं बोल्ट जातो. बोल्ट आवळला की कान जवळ येत्यात आन् नळी दांड्याला गच्च धरती. त्याला आमी क्लिप म्हणतो. सायकलचं चाक लोकांना दिसतं, घंटी दिसती. क्लिपाकडं कुणी बघत न्हाई. पर अख्खा माणूस तिच्यावर बसलेला असतो.

धूळ क्लिपात गेली व्हती म्हणून ती वरडत व्हती. अप्पा त्याच दिशी सकाळी नांदेडला गेलता, दुकानाचं सामान आणायला. जाताना म्हणलता, "क्लिपाला हात लावू नको. ग्रीसचा डबा सपलाय, मी घेऊन येतो, मग बघू." पर येतो म्हणलेला अप्पा आत्याच्या घरी राह्यला. आन् मला कुणी थांब म्हणलं की माझ्या पायात मुंग्या येत्यात.

म्या घरातली तेलाची बाटली आणली. करडीचं, घाण्याचं. लातुरात करडीचं तेल कशाला लावत न्हाईत? दाराच्या बिजागरीला, रहाटाच्या आसाला, पैलवानाच्या अंगाला, लेकराच्या टाळूला. म्या कुपीत भरलं आन् मामाच्या बाजूनं पळत पळत क्लिपाच्या चिरंत सोडलं. एका फेरीत थोडं, दुसऱ्या फेरीत आजून थोडं, तिसऱ्या फेरीत समदी कुपी.

करकर बंद. एकदम बंद. लोकांनी टाळ्या वाजवल्या. हणमंतराव भोंग्यावर म्हणले, "मलप्पाच्या पोरीनं कमाल केली!" मी ताठ मानेनं गोलाच्या भाईर आले. त्या रात्री मला लई चांगली झोप लागली.

शुक्रवारी माझ्या ध्यानात आलं की मामाचे गुडघे वर आलेत. पयल्या दिशी पायडल खाली गेलं की त्याचा पाय सरळ व्हायचा, आता मुडपलेलाच राहायचा. म्या डोळे बारीक करून बघितलं. सीट तीन बोटं खाली गेली व्हती. आन् नळीच्या तोंडापासनं खाली एक तपकिरी वघळ आलेला, त्याच्यावर धूळ चिकटलेली. म्या कुणाला काय बोलले न्हाई. पाना घेऊन पळत पळत नट आवळला. चिकट नट लई जीव खाऊन फिरला आन् क्लिपाचे दोन्ही कान एकमेकाला टेकले. आता आवळायला जागाच न्हाई. आन् सीट तरी खाली जातच व्हती.

शनवारी दुपारी व्हायचं ती झालं. मामा डुलकीत व्हता. सीट त्याच्याखाली गर्रकन वळली. सायकल कलली, डावा पाय पायडलवरनं सुटला, बायांनी तोंडाला पदर लावले. त्यानं हँडलला असा हिसका दिला की सायकल नागासारखी वळली आन् सरळ झाली. पाय टेकला न्हाई. पर त्याचं तोंड पांढरंफट.

हणमंतराव भोंगा बंद करून आमच्या दुकानात आले. अप्पा नुकताच नांदेडहून येऊन पिशवी ठेवून राहिला व्हता.

"मलप्पा, ह्ये काय भंगार सायकल घेऊन आलाय त्यो? उद्या साहेब लोक येणार बघायला. उमरीचा माल निघाला बघ निकामी!"

माझं डोकं सटकलं. "माल निकामी म्हणू नका! तुमी पाच दिस ऱ्हाऊ द्या, पाच तास बसून दावा सायकलवर. खुर्चीवर बसून तुमची कंबर धरती!"

"मलप्पा, पोरीला आवर!"

अप्पा उठून गोलाकडं गेला, बांबूपाशी उभा राह्यला. मामा जवळनं जाताना अप्पानं हात पुढं करून नळीवरनं बोट वढलं. बोट नाकाला लावलं. माझ्याकडं वळून एकच सबद बोलला.

"करडी."

मी खाली बघितलं. "ग्रीस नव्हतं."

"म्हणूनच सांगून गेलतो." अप्पा कधी वरडत न्हाई, त्याच्या दम्याला परवडत न्हाई. "करडी पयल्यांदा पाण्यासारखी आत पळती. दांडा बुळबुळीत झाला, घसरला. मग ऊन लागलं, धूळ बसली, तिचा डिंक व्हऊ लागला. आता ती दांड्याला धरत न्हाई आन् बोल्टाला सोडत न्हाई."

"मग आता?"

"सीट भाईर काढायची. दांडा रॉकेलनं पुसायचा, नळी आतनं पुसायची, दांड्याला पत्र्याची पट्टी गुंडाळायची, परत घालून आवळायची. दुकानात पाच मिंटाचं काम." आन् त्यानं गोलाकडं बघितलं, जितं त्या सीटवर माणूस बसून फिरत व्हता. "त्याला तेवढा येळ पायडलवर उभं राहावं लागंल. मी पळतो त्याच्या संगं."

अप्पा पळाला. अर्धी फेरी. मग बांबू धरून वाकून खोकत बसला. म्या त्याच्या हातातला पाना घेतला.

आदी मला मामाला सांगायचं व्हतं. त्याच्या बाजूनं पळत म्हणलं, "मामा, चूक माझी हाय. बुधवारी म्या करडीचं तेल सोडलं."

"मालूम हाय."

"कधीपासनं?"

"बुधवारपासनंच. मला काय नाक न्हाई?"

"मग सांगितलं कामून न्हाई? स्वतःच्या अंगठ्याचं सांगता आन् माझं झाकता?"

त्याचे ओठ फुटले व्हते, तरी हासला. "अंगठा माझा व्हता, गंगे. माझं मी सांगतो. तुझं तू सांग. भोंग्यावर तुझं नाव निघालं असतं तर लोक मलप्पाच्या दुकानावर चालून गेले असते." मग म्हणला, "किती येळ उभं राहावं लागंल?"

"दहा फेऱ्या. लई झालं तर बारा."

"गुडघे सुजलेत. दहा दितो. बारा मागू नको."

चार वाजता सुरू केलं. पावडरच्या डब्याचा पत्रा अप्पानं कातरून बोटभर रुंद पट्टी केली, कडा हातोडीनं मारून बोथट केल्या. म्या परकर खोचला, रॉकेलची चिंधी कमरंला, पट्टी दातात. हणमंतराव रेषेवर येऊन उभे राहिले आन् म्हणले, "सायकलला आधार दिलेला दिसला तर मी खेळ बंद करीन. सीटला, नळीला हात लाव, पर फ्रेम धरायची न्हाई, हँडल धरायचं न्हाई."

मामा पायडलवर उभा राह्यला.

पयली फेरी. म्या पाना लावला. नट डिंकात बसलेला, हलंना. म्या बोल्टावर रॉकेल पिळलं, पळत राह्यले. दुसऱ्या फेरीत नट कुरकुरला आन् फिरला. तिसऱ्या फेरीत मोकळा झाला. कान उघडले.

आता सीट उपसायची. वढली तर येईना. पिळून काढायची म्हणलं तर पिळलं की सायकल हेलकावा खायची आन् मामा "हळू, हळू" म्हणायचा. म्या त्याच्या पायाकडं बघितलं. उजवा पाय खाली जाताना सायकल जराशी डावीकडं जायची, डावा खाली जाताना उजवीकडं. हरेक बार, तशीच. मग म्या त्याच्या तालावर पिळायला लागले. त्यो डावीकडं, मी उजवीकडं. त्यो उजवीकडं, मी डावीकडं. सायकलला काय कळलंच न्हाई. पाचव्या फेरीत सुक् असा आवाज झाला आन् सीट दांड्यासकट माझ्या हातात आली.

मैदान उठून उभं राह्यलं. बिगर सीटची सायकल, वर माणूस उभा, आन् बाजूनं मी सीट बगलंत घेऊन पळते. पळता पळताच दांडा पुसला. चिंधीवर काळा-तपकिरी चिकट लेप आला, गुळाच्या पाकासारखा. मग चिंधी बोटाला गुंडाळून नळीत घातली आन् आतनं फिरवली. त्याच्या पायांच्या मदी हात घालावा लागत व्हता. बांबूच्या पल्याडनं कुणीतरी शिट्टी मारली.

माझा पारा चढला, मी वळणारच व्हते. तेवढ्यात सिंधुमावशी वरडली, "कोन हाय रं त्यो शिट्टीवाला? ती चिंधी सपली की तुझ्याच तोंडात कोंबते, थांब!"

लोक फिसफिसले. शिट्टी परत वाजली न्हाई. मी काम सोडलं न्हाई.

आठवी फेरी. मामाच्या मांड्या लटालटा कापू लागल्या. पिंढरीत गोळा आलेला मला दिसला, कातडीखाली लिंबू फिरावं तसा. सायकल हळू झाली. म्या पट्टी दांड्याला गुंडाळली, नळीत घालायला गेले आन् सायकल माझ्या बाजूला कलली. त्याचा डावा पाय पायडलवरनं सुटला.

माझा हात हँडलकडं गेला. मला तसं करायचं नव्हतं, हात आपोआप गेला. बोटं लागायलाच आली व्हती.

"हात काढ!" मामा असा वरडला की भोंग्याची गरज पडली न्हाई. "गंगे, हात काढ!"

म्या हात मागं घेतला. माझ्या जिंदगीत एवढं अवघड काम म्या केलं न्हाई. त्याचा पाय भुईच्या वर लोंबत व्हता. टाचंला भेगा, अंगठ्याचं नख काळं. मदी वीतभर जागा. मग चार बोटं. हणमंतराव गुडघ्यावर बसून बघत व्हते. मामानं हँडल माझ्याच बाजूला, पडायच्या बाजूला वळवलं. मला वाटलं सपलं. पर चाक त्याच्या खाली पळत आलं, सायकल उठली, आन् पाय परत पायडलवर गेला. उजव्यानं एकदा दाबलं, डाव्यानं एकदा दाबलं. चालू.

"टेकला न्हाई!" हणमंतराव वरडले. त्यांचा आवाज फाटला. "न्हाई टेकला!"

"टेकला असता तर म्याच सांगितलं असतं!" मामा म्हणला. मग हळू आवाजात मला, "दोनच फेऱ्या ऱ्हायल्यात माझ्याकडं."

नवव्या फेरीत म्या दांडा पट्टीसकट नळीत घातला. तालावर पिळत पिळत खाली दाबला, त्याचा पाय सरळ व्हईल इतपत ठेवला, सीटचं टोक सरळ केलं. दहाव्या फेरीत नट. बोटानं चार आटे, मग पाना. आता क्लिप चावली. हाताला कळतं ती. पाना आदी ढिला फिरतो, मग जड व्हतो, मग थांबतो आन् म्हणतो बास. कानांच्या मदी चीर शिल्लक ऱ्हायलेली दिसत व्हती.

"बसू का?"

"थांबा." खिळ्यानं म्या दांड्यावर नळीच्या तोंडाशी एक रेघ वढली, खाली गेली तर दिसावी म्हणून. "बसा!"

त्यो बसला. डोळे मिटले. चार फेऱ्या म्या त्या रेघंकडं बघत पळाले. रेघ जाग्यावर. अप्पा बांबूपाशी भुईवर बसला व्हता. म्या जवळ गेल्यावर पाण्याचा तांब्या पुढं केला. "नट जास्ती आवळला न्हाई ना?" एवढंच इचारलं.

रविवार गेला, सोमवार आला. मी दर घंट्याला रेघ बघायची. मामा आता बोलत नव्हता, हासत नव्हता, निस्ता फिरत व्हता. सिंधुमावशी भाकरीचा काला त्याच्या तोंडात घालायची, त्यो चावायचा विसरायचा, ती पळता पळता म्हणायची, "चावा", मग चावायचा. म्या लई माणसं बघितलीत जी एक काम एक घंटा नीट करत न्हाईत. ह्यो माणूस सात दिस एकच काम करत व्हता आन् सातव्या दिशीबी चाक रेषेवरच.

सहा वाजले. हणमंतरावांनी दहापासनं उलटं मोजलं. मामानं ब्रेक लावला. सायकल थांबली, आन् त्यो उतरंचना. पाय कसा खाली ठेवायचा ती त्याला आठवत नव्हतं. सिंधुमावशीनं त्याचा घोटा धरला आन् हळूच खाली आणला. आदी अंगठा, मग चवडा, मग टाच. मग त्यो तितंच धुळीत बसला आन् दोन्ही हातांनी भुई चाचपू लागला. लोक नाचत व्हते. हलगी वाजत व्हती.

हणमंतराव भोंग्यावर म्हणले, "ह्या विक्रमात आमच्या कमिटीचा वाटा हाय, तसाच मलप्पाच्या पोरीचा! चालत्या सायकलची सीट दुरुस्त करणारी..."

मला सहन झालं न्हाई. म्या जाऊन भोंगा वढून घेतला. "सीट बिघडवली बी म्याच व्हती. अप्पा नको म्हणला तरी करडीचं तेल सोडलं. मामाचे गुडघे माझ्यामुळं सुजले."

मग एक म्हातारी म्हणली, "अगं बया, मी तर शिवणाच्या मशिनीला तेच घालते!" आन् समदे हासले. हणमंतरावांनी भोंगा माझ्या हातातनं काढून घेतला. मामा हासला न्हाई. धुळीत बसल्या बसल्या त्यानं माझ्याकडं बघून एकदा मान हालवली, बरोबरीच्या माणसाला हालवत्यात तशी.

दुसऱ्या दिशी सकाळी त्यो लंगडत सायकल घेऊन दुकानात आला. "आता नीट कर. नांदेडला जायचंय. त्याच मैदानात परत करणार, पाऊस पडल्यावर."

म्या फळी टाकली, त्यो बसला, दोन्ही पाय भुईवर सपाट ठेवून. म्या सीट उपसली. पत्र्याची पट्टी काढली, तिच्या जागी अप्पानं रविवारी शोधून आणलेला बरोबर मापाचा दांडा घेतला. नळी रॉकेलनं तीनदा धुतली, चिंधी पांढरी निघंपर्यंत. बोल्टाचे आटे जुन्या दात घासायच्या ब्रशनं घासले. मग ग्रीस. अप्पा मागनं म्हणला, "किती?" म्या म्हणलं, "बोटाला लागंल तेवढंच." दांड्याला पातळ हात फिरवला, फक्त नळीत जाणाऱ्या भागाला, आन् भाईर आलेलं पुसून काढलं. बोल्टाच्या आट्याला जरासं. कानांना कोरडं ठेवलं. नट आवळला, जड झाला, थांबला. म्याबी थांबले.

"झालं."

सायकल दुरुस्तीहून घेताना हरेक माणूस आदी सीट दोन्ही हातांनी धरून पिळून बघतो, वर बुक्की मारून बघतो. गिऱ्हाइकाचा हक्क हाय त्यो, मला त्याचा राग येत न्हाई. भुजंगमामानं सायकल सडकंवर घेतली, सिंधुमावशीला मागं बसवलं, आन् सीटला हात न लावता वर बसून पायडल मारलं.